फॉलिक ॲसिड, मज्जानलिकेचे दोष आणि मूलपेशी: प्रयोगशाळेतील पेशींना नेमके काय विचारता येते?

मांडवीकर (धागाकर्ती, वडोदरा)

गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या न्यूरल ट्यूबचे, म्हणजेच जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात त्या मज्जानलिकेचे, दोष पुष्कळ प्रमाणात टळतात ही गोष्ट १९९१ पासून निर्विवाद आहे. त्या वर्षी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या आधीच्या गर्भात हा दोष आढळला होता अशा स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर पुढच्या खेपेस तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी हंगेरीतील चाचणीने दाखवले की ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळीने पहिल्या खेपेचे दोषही टळतात. गोळी उपयोगी आहे हे कळले. ती पेशीच्या आत काय करून नलिका मिटायला मदत करते हे मात्र आजही पुरते उलगडलेले नाही, आणि हा धागा त्या उरलेल्या प्रश्नाविषयी आहे.

अडचण काळाची आहे. गर्भाच्या पाठीवरची चपटी पट्टी दोन्ही कडांनी उचलली जाते, वळते, मध्यरेषेवर जुळते आणि तिची नलिका होते. हे सगळे गर्भधारणेनंतर सुमारे २८ व्या दिवसापर्यंत आटोपते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. डोक्याकडची बाजू मिटली नाही तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाहीत. खालची बाजू मिटली नाही तर स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा उघडा राहण्याचा दोष, होतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही, आणि त्या दिवशी या पट्टीचा मागमूसही नसतो. तेव्हा जे प्रत्यक्ष पाहता येत नाही ते मूलपेशींकडून, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या पेशींकडून, घडवून घ्यायचे, हा मार्ग उरतो. २००७ मध्ये यामानाका यांच्या गटाने माणसाच्या त्वचेतील पेशी मागे नेऊन त्यांच्या आयपीएस मूलपेशी करून दाखवल्या, तेव्हापासून असा दोष असलेल्या व्यक्तीच्याच पेशींपासून मज्जापेशी (मेंदू-मज्जारज्जू घडवणाऱ्या पेशी) तयार करणे शक्य झाले आहे.

ज्या मुद्द्यावर मला चर्चा हवी आहे तो पुढेच आहे. मूलपेशी ज्या मीडियममध्ये (पोषक द्रावणात) वाढवतात त्यांतील बहुतेक डीएमईएम-एफ १२ या मिश्रणावर आधारलेली असतात. त्यात लिटरमागे २.६५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असते, म्हणजे सुमारे ६,००० नॅनोमोलर. निरोगी स्त्रीच्या सीरममध्ये (रक्तातील द्रवात) फोलेट, म्हणजे या जीवनसत्त्वाची सर्व रूपे मिळून, साधारण १० ते ४० नॅनोमोलर असते. शिवाय रक्तात फिरणारे फोलेट मुख्यतः मिथाइल रूपातले असते, तर मीडियममध्ये असते ते गोळीतले कृत्रिम रूप. बी-१२ची गत आणखी टोकाची आहे: त्याचे मीडियममधील प्रमाण रक्तातल्यापेक्षा हजार पटींहून अधिक निघते. अशा पेशींना वरून आणखी फॉलिक ॲसिड घालून परिणाम शोधणे म्हणजे सुरसागर तलावात तांब्याभर पाणी ओतून पातळी मोजण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे की फोलेटचा अभ्यास मूलपेशींवर करायचा तर पहिले काम मीडियम बदलण्याचे आहे, पेशींचे नंतर. ज्यांनी पेशीसंवर्धन केले आहे किंवा जे या रुग्णांवर उपचार करतात त्यांनी आपले मत द्यावे.

रावपुरेकर

मी अभियंता आहे, जीवशास्त्राचा विद्यार्थी नाही. त्यामुळे प्रश्न सरळ विचारतो. उपाय १९९१ मध्ये सापडला, गोळी स्वस्त आहे, परिणाम सिद्ध आहे. मग पेट्री डिशमध्ये नलिका घडवण्यावर जो पैसा जातो तो घरोघरी गोळ्या पोहोचवण्यावर का जाऊ नये? यंत्र कसे चालते हे कळले नाही तरी ते चालते एवढे पुरेसे असते, असा माझ्या व्यवसायातला अनुभव आहे.

अलकापुरी (स्त्रीरोगतज्ज्ञ)

रावपुरेकर, गोळ्या पोहोचवण्याबाबत आपल्याशी माझा काडीचाही मतभेद नाही. परंतु "उपाय सापडला" हे विधान पूर्ण खरे नाही. ७२ टक्के घट याचा दुसरा अर्थ असा की त्या चाचणीत ४ मिलिग्रॅम इतकी मोठी मात्रा घेऊनही काही गर्भांत दोष उद्भवलाच. चीनमध्ये ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळीवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जेथे दोषांचे प्रमाण मुळातच जास्त होते त्या उत्तर भागात मोठी घट झाली, दक्षिणेत ती तुलनेने बरीच कमी होती. म्हणजे या दोषांचा एक भाग फोलेटला दाद देतो आणि एक भाग देत नाही. समोर बसलेल्या, गोळी नेमाने घेतलेल्या बाईंना "तुमच्याच बाबतीत असे का झाले" याचे उत्तर देण्याची वेळ येते तेव्हा यंत्र कसे चालते हे माहीत नसल्याची अडचण फार प्रत्यक्ष असते.

दुसरा भाग आपल्याकडचा आहे. भारतात हे दोष हजार जन्मांमागे चारच्या आसपास आढळतात असे एकत्रित आढावे सांगतात, आणि हे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच जास्त आहे. वडोदऱ्यात माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकजणी शाकाहारी असतात. मेथी, पालक, हरभरा, मूग यांतून फोलेट थोडेफार मिळते, पण बी-१२ दूध-दह्यापुरतेच, आणि तेही पुरेसे घेतले जातेच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय कुटुंबांतील या दोषांचा संबंध बी-१२ वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाशी आढळला; फोलेटवर प्रक्रिया करणाऱ्या ज्या एमटीएचएफआर जनुकाची पाश्चात्त्य लेखांतून सतत चर्चा असते त्याच्याशी तो आढळला नाही. बी-१२ नसेल तर मिथाइल रूपातले फोलेट पेशीत अडकून पडते आणि वापरता येत नाही, हे जीवरसायनशास्त्रात जुने आहे. मांडवीकरताईंनी बी-१२चा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. आपल्या भागासाठी तोच कदाचित मुख्य प्रश्न असेल.

कोठी_रोड (औषधविक्रेते)

माझ्या दुकानातील निरीक्षण थोडक्यात सांगतो. फॉलिक ॲसिड मागायला येणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे चाचणी पॉझिटिव्ह आल्यानंतरच येतात. धाग्यात दिलेला २८ दिवसांचा हिशेब पाहता त्या वेळी निम्मे काम होऊन गेलेले असते. दुसरे असे की बाजारात सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी. सर्वसाधारण स्त्रीला सांगितली जाणारी मात्रा ४०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ही गोळी तिच्या बारा पटींहून मोठी. अलकापुरी मॅडमनी याबद्दल लिहावे.

वटवृक्ष (निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक)

या विषयावर वडोदऱ्यात धागा निघावा याचा आनंद वाटला. अध्यापनाच्या काळात मी विद्यार्थ्यांना कोंबडीच्या भ्रूणाच्या ३३ तासांच्या आणि ४८ तासांच्या स्लाइड्स दाखवत असे. नलिका मिटत जाते ती त्यांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मात्र फोलेटच्या अभ्यासासाठी अंड्याची एक मर्यादा आहे. कोंबडीने जे फोलेट द्यायचे ते अंड्यातच बंद करून दिलेले असते, त्यामुळे आईचा पुरवठा कमी-जास्त करून पाहण्याची सोय राहत नाही.

उंदरांनी आपल्याला बरेच शिकवले आहे, आणि रावपुरेकरांच्या प्रश्नाचे एक उत्तर तेथेच आहे. उंदराच्या दोनशेहून अधिक जनुकांतील बिघाडाने हा दोष होऊ शकतो. त्यांपैकी स्प्लॉच या जातीच्या उंदरात पॅक्स-३ जनुक बिघडलेले असते आणि फॉलिक ॲसिड दिल्यास त्याच्या काही पिल्लांतील दोष टळतो. कर्ली टेल नावाच्या जातीत फॉलिक ॲसिडचा काही उपयोग होत नाही, पण इनोसिटॉल दिल्यास होतो. वरून पाहता दोन्ही पिल्लांच्या पाठीवर तेच उघडे छिद्र दिसते. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की निरोगी उंदरांना नुसता फोलेटरहित आहार दिला तर सहसा हा दोष होत नाही. जनुकात आधीच काही कच्चेपणा असेल तेव्हाच कमतरता घात करते. म्हणून माणसात केवळ आहार किंवा केवळ जनुक असा एकेरी हिशेब मला कधीच पटला नाही.

जाता जाता एक अवांतर. फोलेटची सारी कथा सुरू होते ती मुंबईत. लूसी विल्स या डॉक्टरांनी गिरणी कामगार स्त्रियांमधील गर्भारपणातील पंडुरोगावर यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, देऊन पाहिला आणि १९३१ मध्ये तो गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीत येल्लप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली हे आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत या दोघांना मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी.

अलकापुरी

कोठी_रोड यांच्या प्रश्नाबद्दल. आधीच्या खेपेस असा दोष झाला असेल, किंवा व्हॅलप्रोएटसारखे अपस्माराचे औषध चालू असेल, तर मोठी मात्रा डॉक्टर ठरवून देतात. व्हॅलप्रोएटमुळे स्पायना बायफिडाचा धोका शंभरात एक-दोन इतका वाढतो आणि फॉलिक ॲसिड दिल्याने तो नाहीसा होतो असे समजू नये; औषध बदलता येईल का, हा विचार गर्भधारणेच्या आधीच करावा लागतो. इतरांसाठी ४०० मायक्रोग्रॅम ही मात्रा गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून पुरेशी धरली जाते. मोठी मात्रा विनाकारण घेण्यात आपल्याकडे विशेष अडचण अशी की बी-१२ कमी असताना भरपूर फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारलेले दिसते आणि नसांची हानी झाकलेली राहून चालूच राहते. कोणीही हा धागा वाचून स्वतःची मात्रा ठरवू नये.

निशिगंध

क्षमा करा, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला स्पायना बायफिडा आहे. जन्मल्यावर शस्त्रक्रिया झाली, पण पायांत शक्ती कमी आहे. एका खाजगी केंद्राने त्यांना मूलपेशींच्या इंजेक्शनांनी सुधारणा होईल असे सांगितले असून खर्च बराच मोठा आहे. येथे मूलपेशींची चर्चा चालू आहे म्हणून विचारते, हे खरे आहे का?

अलकापुरी

निशिगंध, क्षमा कसली, विचारलेत हे फार चांगले केलेत. या धाग्यातील मूलपेशी दोष कसा होतो हे शोधण्यासाठी वापरल्या जातात. त्या कोणाच्या शरीरात घालत नाहीत. आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या विशिष्ट आजारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा अन्य वापर केवळ मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले जात आहेत, एवढ्यावरून काय ते समजावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात २०२१ पासून गर्भाशयातच केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या मज्जारज्जूवर वारेपासून (प्लॅसेंटापासून) मिळवलेल्या मूलपेशींची पट्टी ठेवण्याची चाचणी सुरू झाली, परंतु ती जन्मापूर्वीची आहे आणि तिचा पहिला हेतू सुरक्षितता तपासणे हा आहे. वाढत्या मुलाच्या पायांतील शक्तीसाठी त्यातून आज काही हाती येत नाही. बहिणीला सांगा की फिजिओथेरपी, मूत्राशयाची निगा आणि बालशल्यचिकित्सकांकडील नियमित तपासणी यांवरचा खर्च वाया जात नाही. आणखी एक: त्यांना पुढचे मूल हवे असेल तर त्याआधीच डॉक्टरांना भेटून मोठ्या मात्रेच्या फॉलिक ॲसिडबद्दल विचारायला हवे.

रावपुरेकर

डॉक्टरांचे आणि वटवृक्ष सरांचे उत्तर वाचले. फोलेटला दाद न देणारा गट वेगळा काढण्यासाठी संशोधन हवे हे मान्य, पण माझा मूळ आग्रह मी सोडलेला नाही. कोठी_रोड म्हणतात त्याप्रमाणे बायका दुकानात उशिरा पोहोचतात, तर मग पिठातच घालावे. अमेरिकेने १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड घालणे सक्तीचे केले. तेथे १०० ग्रॅम धान्यपदार्थामागे १४० मायक्रोग्रॅम घालतात. आपल्या एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) मानकात फोर्टिफाइड, म्हणजे पोषकद्रव्ये मिसळलेल्या, गव्हाच्या पिठाला आणि तांदळाला किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम आहे. मी हिशेब दोनदा केला: दिवसाला पाव किलो धान्य पोटात गेले तरी जास्तीत जास्त ३१ मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतील. त्यातही बाजारातले पीठ फोर्टिफाइड करणे ऐच्छिक आहे, आणि आपल्या घरी गहू निवडून गिरणीतून दळून आणण्याची रीत आहे, ते पीठ यात येतच नाही. रेशनचा तांदूळ फोर्टिफाइड असेल तर त्यातून मिळते, पण तेवढेच. येथे सुधारणा करायला कोणत्या मूलपेशींची वाट पाहायची आहे?

मांडवीकर

कोणाचीच नाही, रावपुरेकर, आणि मी तसे सुचवलेलेही नाही. पेट्री डिशमधील प्रयोगावरून गोळीची किंवा पिठाची मात्रा ठरवता येणार नाही, कारण डिशमध्ये आई नसते, तिचे आतडे नसते, यकृत नसते, आणि तिने खाल्लेल्यापैकी किती भ्रूणापर्यंत पोहोचते हा मधला सगळा प्रवास नसतो. आपला पिठाचा हिशेब लोकसंख्येच्या पातळीवरचा आहे आणि त्याला लोकांत केलेल्या चाचण्याच पुराव्यादाखल लागतात, त्या आहेत.

अलकापुरी मॅडम, बी-१२चा मुद्दा मान्य. म्हणूनच मला वाटते की मीडियममध्ये फोलेट आणि बी-१२ ही दोन्ही एकाच वेळी रक्ताच्या पातळीवर आणून, चारही जोड्या तपासाव्यात: दोन्ही पुरेशी, फोलेट कमी, बी-१२ कमी, दोन्ही कमी. त्यातील "फोलेट पुरेसे, बी-१२ कमी" ही जोडी आपल्या शहरातील अनेक शाकाहारी घरांतली खरी स्थिती असू शकते, आणि पाश्चात्त्य प्रयोगशाळांना ती तपासण्याची निकड भासणार नाही.

आयपीएस पेशींबाबत एक मर्यादा जिच्याकडे मला फारसे कोणी लक्ष देताना दिसत नाही, ती अशी. फोलेटचा एक मोठा उपयोग डीएनएवरील मिथाइल खुणांसाठी, म्हणजे कोणते जनुक चालू-बंद राहील हे ठरवणाऱ्या खुणांसाठी, होतो. त्वचेची पेशी मागे नेऊन मूलपेशी करताना त्या खुणांपैकी बहुतेक पुसून नव्याने मांडल्या जातात. म्हणजे स्पायना बायफिडा असलेल्या मुलाच्या पेशींपासून आपण आयपीएस पेशी तयार केल्या, तर त्यांत त्याची जनुके राहतात. त्याच्या आईच्या गर्भारपणातील आहाराचा जो ठसा उमटला असेल तो बहुतांशी राहत नाही. तेव्हा या पेशींना "याच्या जनुकांमुळे फोलेटची गरज वाढते का" हे विचारता येते, "याच्या आईला काय कमी पडले" हे विचारता येत नाही. आईचेही जनुक महत्त्वाचे असल्यामुळे तिच्याही पेशी घ्याव्या लागतील, आणि एकेका व्यक्तीच्या पेशींतील नैसर्गिक फरक लक्षात घेता तुलनेसाठी त्याच पेशींतील संशयित जनुक क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने दुरुस्त करून घेतलेली जोडी हवी.

वटवृक्ष

मांडवीकर, आराखडा चांगला आहे. दोन शंका आहेत.

पहिली: आपण जिला नलिका म्हणता ती खरोखर मिटते का? मूलपेशींपासून मज्जापेशी बनवल्या की त्या आपोआप फुलासारख्या वर्तुळात बसतात आणि मध्ये पोकळी दिसते. ती पोकळी पेशींच्या गोळ्यात आतून तयार होते. कडा उचलून, वळून, जुळून तयार होत नाही. स्पायना बायफिडा हा जुळण्याचा दोष आहे. जेथे जुळणेच नाही तेथे न जुळण्याचे कारण कसे शोधणार?

दुसरी: फोलेट काढून घेतले की पेशीला डीएनएसाठी लागणारे थायमिडीन मिळत नाही आणि सगळ्याच पेशींची वाढ मंदावते. तेव्हा नलिका बिघडलेली दिसली तर तो नलिकेचा विशेष दोष की उपाशी पेशींची सर्वसाधारण अवस्था, हे कसे ओळखणार?

मांडवीकर

सर, पहिली शंका अगदी मर्मावर आहे, आणि जुन्या पद्धतीच्या बहुसंख्य प्रयोगांना ती लागू पडते. तिला उत्तर अलीकडच्या कामात आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील गटाने काचेवर ठरावीक आकाराच्या ठशांत मानवी मूलपेशी बसवल्या. त्यांतून मध्यभागी मज्जापेशींचा आणि भोवती त्वचापेशींचा थर तयार झाला, आणि ती पट्टी खरोखर कडांनी वळून मिटली. भोवतालच्या त्वचापेशींखेरीज हे वळणे नीट होत नाही, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. म्हणजे मज्जापेशी एकट्या वाढवून पाहणाऱ्या पद्धतीत अर्धी पात्रे रंगमंचावरच नसतात. कोरियातील एका गटाने मज्जारज्जूच्या ऑर्गनॉइडमध्ये (मूलपेशींपासून वाढवलेल्या लहान प्रतिकृतीत) नलिका घडतानाचे टप्पे मोजण्याची पद्धत बसवून तिच्यावर अपस्माराची औषधे तपासली आहेत. व्हॅलप्रोएट हा अशा प्रत्येक मांडणीचा पहिला कस मानावा असे माझे मत आहे: ज्या औषधाचा परिणाम माणसात निश्चित माहीत आहे तो ज्या मांडणीत दिसत नाही, तिच्यावर फोलेटचे प्रश्न टाकून उपयोग नाही.

दुसऱ्या शंकेसाठी चार गोष्टी कराव्या लागतील. फोलेट पूर्ण काढायचे नाही. मिथाइल रूपात १० नॅनोमोलरच्या आसपास ठेवून पाहायचे. पेशी आत फोलेटचा साठा धरून ठेवतात, त्यामुळे मीडियम बदलल्यावर लगेच प्रयोग न करता अनेक पिढ्या वाढवून पेशींतील फोलेट प्रत्यक्ष मोजावे लागेल. पेशींखाली पसरायच्या जेलमधून आणि सीरममधूनही चोरून फोलेट येते, ते तपासावे लागेल. आणि एका वेगळ्या गटाला कमी फोलेटबरोबर वरून थायमिडीन व प्युरीन (हाही डीएनएचा कच्चा माल) द्यायचे. त्याने पेशींची वाढ पूर्ववत झाली आणि नलिकाही मिटली, तर दोष उपासमारीचा होता. वाढ पूर्ववत होऊनही कडा जुळल्या नाहीत, तर कारण मिथाइल खुणांत किंवा फोलेट आत घेणाऱ्या रिसेप्टरच्या कामात शोधावे लागेल. बेडकाच्या भ्रूणात हा रिसेप्टर कमी केला की पट्टीतील पेशींचे वरचे टोक आकसत नाही आणि त्यामुळे पट्टी वळत नाही असे दिसले आहे, म्हणून माझा कल या दुसऱ्या शक्यतेकडे आहे. स्प्लॉच उंदरात मात्र थायमिडीनने दोष काही अंशी टळतो, हे माझ्या अंदाजाच्या विरुद्ध जाते, आणि त्याच कारणाने तो गट मी वगळणार नाही.